हौसेचं मोल : अमेरिकेतल्या क्रीडा-कार्डांचा बाजार

१९६० च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ अटलांटिक समुद्रात एका कंपनीने आपला शिल्लक माल बुडवला. माल होता बेसबॉल खेळाडूंची रंगीत चित्रं छापलेली पुठ्ठ्याची कार्डं, कंपनी होती ब्रुकलिनची टॉप्स. १९५२ साली या कंपनीने चारशे सात कार्डांचा भलामोठा संच काढला होता. संचाचा शेवटचा भाग बाजारात उतरला तोवर बेसबॉलचा हंगाम संपत आला होता आणि मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. खोकी वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली. साय बर्गर या कंपनीच्या अधिकाऱ्याने ती खपवण्याचे बरेच प्रयत्न केले. अखेरीस कचऱ्याच्या तराफ्यावर लादून ती खोल समुद्रात सोडून दिली.

बुडालेल्या त्या भागात तीनशे अकरा क्रमांकाचं एक कार्ड होतं, मिकी मँटल या यांकीज संघाच्या तरुण खेळाडूचं. ऑगस्ट २०२२ मध्ये या कार्डाची एक प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरना गेली. त्या वेळच्या दराने हे सुमारे शंभर कोटी रुपये होतात. विकणाऱ्याने ती प्रत १९९१ मध्ये पन्नास हजार डॉलरना घेतली होती. एकतीस वर्षांत मूळ रकमेच्या दोनशे बावन्न पट, म्हणजे वर्षाला साधारण साडेएकोणीस टक्के चक्रवाढ. कुठल्याही मुदत ठेवीने मान खाली घालावी असा हा परतावा.

'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो. इथे तर हौसेला मोल आलंय, त्याचं भावपत्रक निघालंय, पारख करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्यात आणि दलाल, सट्टेबाज, लबाड असा बाजाराचा सगळा संसारही मांडला गेलाय. पण पुठ्ठ्याच्या तुकड्याला हे मोल येतं कुठून? ते ठरवतं कोण? आणि खरेदी-विक्रीच्या या साखळीत पैसा नेमका कोणाच्या हाताला चिकटतो? या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर सुरुवात तंबाखूपासून करावी लागते.

पाकिटातला पुठ्ठा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी चुरगळू नयेत म्हणून एक पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्या कोऱ्या तुकड्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपलंच घेईल, हे कंपन्यांच्या लवकरच ध्यानात आलं. अमेरिकेत 'अॅलन अँड गिंटर'ने १८८० च्या दशकात खेळाडूंचे संच काढले. इंग्लंडमध्ये 'विल्स'ने १८९६ मध्ये पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. संच पुरा करण्याची ओढ हा या धंद्याचा पाया. एकोणपन्नास चित्रं जमलेल्या माणसाला पन्नासावं चित्र स्वस्थ बसू देत नाही, हे मानवी स्वभावाचं गणित तंबाखूवाल्यांनी अचूक ओळखलं होतं.

१९०९ ते १९११ या काळात 'अमेरिकन टोबॅको कंपनी'ने बेसबॉल खेळाडूंचा पाचशेहून अधिक कार्डांचा संच काढला. पिट्सबर्गचा होनस वॅग्नर हा त्या काळातला सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. त्याने आपलं चित्र वापरायला नकार दिला. मुलांनी चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्याला पसंत नव्हतं, असं एक मत. कंपनीने मोबदला न विचारता चित्र छापलं याचा राग होता, असं दुसरं. कारण काहीही असो, त्याचं कार्ड छापणं थांबलं आणि आज त्याच्या पन्नास-साठ प्रतीच ज्ञात आहेत. २०२२ मध्ये यातली एक मळकी, कोपरे झिजलेली प्रत खासगी व्यवहारात साडेबाहत्तर लाख डॉलरना विकली गेली. या व्यापारातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड एका नकारातून जन्माला आलं, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा संबंध येणार आहे.

त्या संचाला आज जगभर 'टी-२०६' म्हणतात. हे नाव कंपनीने दिलेलं नाही. ते दिलं जेफरसन बर्डिक या सिरॅक्यूसच्या संग्राहकाने. बेताच्या उत्पन्नाच्या, संधिवाताने हातपाय आखडलेल्या या माणसाने अमेरिकेतल्या छापील कार्डांची पहिली पद्धतशीर सूची केली, ज्यात 'टी' म्हणजे तंबाखू. आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. पुढे कित्येक वर्षं तो तिथे जाऊन एकेक कार्ड वहीत चिकटवत बसे. जानेवारी १९६३ मध्ये काम पुरं झालं, आणि दोन महिन्यांत तो वारला. त्या संग्रहात वॅग्नरचं कार्डही आहे. आजच्या बाजारात क्रमांक, संच, मालिका यांची जी भाषा बोलली जाते ती अशा माणसाने घडवली ज्याने नफ्यासाठी काही जमवलं नव्हतं.

चेहरा कोणाचा?

तंबाखूची जागा पुढे च्युइंगमने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर फिलाडेल्फियाची बोमन आणि ब्रुकलिनची टॉप्स या दोन गम-कंपन्यांत खेळाडूंना करारबद्ध करण्याची चढाओढ लागली. बोमनशी करार केलेल्या खेळाडूंची चित्रं टॉप्सनेही छापली तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. टॉप्सचा युक्तिवाद असा की, बोमनच्या करारात खेळाडूने फक्त 'माझं चित्र वापरलं तर मी दावा करणार नाही' एवढीच कबुली दिली आहे. तो त्याच्या खासगीपणाचा प्रश्न झाला, त्यात दुसऱ्या कंपनीला विकत घेण्यासारखं आहेच काय?

१९५३ मध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला की, माणसाच्या चित्राला खासगीपणापलीकडे एक आर्थिक मूल्य असतं आणि ते वापरू देण्याचा अनन्य हक्क तो दुसऱ्याला देऊ शकतो. या हक्काला त्यांनी 'राइट ऑफ पब्लिसिटी' हे नाव दिलं. आपण त्याला प्रसिद्धीचा हक्क म्हणू. आज जगभरचे नट, गायक, खेळाडू ज्या हक्काच्या जोरावर आपल्या चेहऱ्याचा, आवाजाचा गैरवापर थांबवायला कोर्टात जातात, त्याला हे नाव मिळालं ते च्युइंगमसोबतच्या कार्डांच्या भांडणात.

हक्क मान्य झाला तरी पैसा खेळाडूकडे वळायला वेळ लागला. टॉप्सने १९५६ मध्ये बोमनला विकत घेतलं आणि मैदान मोकळं झालं. खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर मिळत. १९६६ मध्ये मार्विन मिलर हा पोलाद-कामगार संघटनेत मुरलेला माणूस बेसबॉल खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. त्याने खेळाडूंना टॉप्सशी नवे करार न करण्याचा सल्ला दिला. कंपनी १९६८ मध्ये वाटाघाटीला आली. रक्कम २५० डॉलर झाली आणि विक्रीवर टक्केवारीही मिळू लागली : चाळीस लाख डॉलरच्या विक्रीपर्यंत आठ टक्के, त्यापुढे दहा.

पण हा सगळा हिशेब कार्ड पहिल्यांदा विकलं जातं तेवढ्यापुरता. ते कार्ड पुढे दहा हात बदलून कोटीत गेलं तरी त्यातला एक सेंटही खेळाडूला मिळत नाही. मँटल १९९५ मध्ये वारला. त्याच्या कार्डाचे १ कोटी २६ लाख डॉलर विकणाऱ्याला आणि लिलाव करणाऱ्या कंपनीला मिळाले. चित्रकाराचं चित्र आणि खेळाडूचं कार्ड या बाबतीत सारखीच दैवं घेऊन आलेली दिसतात.

भावपत्रक आलं, आणि आईने कार्डं टाकायची थांबवली

१९७० पर्यंत ही सारी पोरांची मालमत्ता होती. मुलं कार्डं भिंतीवर आपटून खेळत, सायकलच्या चाकात अडकवून फटफटीसारखा आवाज काढत, रबरबँड लावून बुटाच्या खोक्यात ठेवत. मुलगा कॉलेजला गेला की आई ते खोकं कचऱ्यात टाकी. अमेरिकेतल्या मध्यमवयीन पुरुषांची ही लाडकी तक्रार. गंमत अशी की, जुन्या कार्डांची किंमत आयांनी ती फेकली म्हणूनच वाढली.

१९७९ मध्ये जेम्स बेकेट या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाने एका सहकाऱ्यासह कार्डांच्या किमतींचं पुस्तक काढलं आणि १९८४ मध्ये मासिक सुरू केलं. प्रत्येक कार्डापुढे दोन आकडे, आणि भाव चढला की वर तोंड केलेला बाण. आता बारा वर्षांच्या मुलालाही आपल्या खोक्यात किती डॉलर आहेत हे कळू लागलं. भाव नोंदवणारं मासिकच भाव घडवू लागलं.

याच सुमारास टॉप्सची मक्तेदारी न्यायालयात हलली आणि १९८१ पासून फ्लिअर, डॉनरस या कंपन्या उतरल्या. १९८९ मध्ये अप्पर डेक आली. गुळगुळीत कागद, नकली ओळखण्यासाठी होलोग्राम, पाकिटाची किंमत इतरांच्या जवळजवळ दुप्पट, आणि पहिल्याच क्रमांकावर केन ग्रिफी ज्युनिअर हा नवखा खेळाडू. या व्यापारात खेळाडूच्या पदार्पणाच्या काळातल्या कार्डाला, 'रुकी कार्डा'ला, सगळ्यात जास्त मागणी असते, आणि ग्रिफी पुढे खरोखरच थोर निघाला.

मग जे व्हायचं तेच झालं. लोक मुलांच्या शिक्षणाची तजवीज म्हणून सीलबंद खोकी घेऊन माळ्यावर ठेवू लागले. मागणी पाहून कंपन्या अहोरात्र छापत सुटल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढच्या सहा-सात वर्षांना संग्राहक आज 'जंक वॅक्स'चा काळ म्हणतात, म्हणजे मेणकागदातली रद्दी. या वेळी कोणत्याच आईने काही फेकलं नाही. सगळ्यांनी सगळं जपून ठेवलं, त्यामुळे कशालाच किंमत उरली नाही. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, जागतिक मालिका रद्द झाली आणि उरलासुरला उत्साहही ओसरला. आजही त्या काळातली न उघडलेली खोकी छापील किमतीच्या आसपास मिळतात. महागाई धरली तर ती घेणाऱ्यांचं नुकसानच झालं.

यातून बाजाराचा पहिला नियम दिसतो : जी वस्तू सगळे गुंतवणूक म्हणून जपतात ती गुंतवणूक होऊ शकत नाही. मात्र दुर्मिळता हे एकच कारणही पुरत नाही. मँटलचं ते कार्ड त्याचं पहिलं कार्ड नव्हे; पहिलं १९५१ मध्ये बोमनने काढलं होतं. शिवाय १९५२ च्या छपाईत शेवटच्या मालिकेतली काही कार्डं एकाच तक्त्यावर दोनदा छापली गेली, त्यांत मँटलचं होतं. म्हणजे आपल्या शेजारच्या अनेक कार्डांपेक्षा ते जास्त छापलं गेलं. तरी मोल त्यालाच, कारण गोष्ट त्याची सांगितली जाते : नवा महानायक, टॉप्सचा पहिला मोठा संच आणि समुद्रात बुडालेली खोकी. या बाजारात पुठ्ठ्याइतकीच कथाही विकली जाते.

दहापैकी दहा

सोनं घेताना आपण हॉलमार्क पाहतो. कार्डांच्या बाजारात हे काम परीक्षण-कंपन्या करतात. सर्वांत मोठी पीएसए, स्थापना १९९१. कार्ड टपालाने पाठवायचं. परीक्षक ते खरं आहे का, कडा कापलेल्या आहेत का, कोपरे टोकदार आहेत का, पृष्ठभागावर चरा आहे का, चित्र चारी समासांच्या मधोमध बसलंय का हे तपासतो, एक ते दहा गुण देतो आणि ते जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतो. किती कार्डांना किती गुण दिले याची मोजदाद कंपनी जाहीर करते. व्यापारी ती मोजदाद शेअर बाजाराच्या आकड्यांसारखी वाचतात.

नऊ आणि दहा गुणांच्या कार्डांत डोळ्याला सहसा काहीच फरक दिसत नाही. भावात मात्र तो दुपटी-तिपटीचा, कधी दहापटीचाही असतो. कार्ड घेऊन नफ्याने विकणाऱ्याचा सगळा खेळ या फरकावर चालतो. तो कसा, हे कल्पित आकड्यांनी पाहू.

एक कोरं कार्ड ४० डॉलरना घेतलं. परीक्षणाचे २५ आणि टपाल-विम्याचे ७ धरून एकूण गुंतवणूक ७२. दहा गुण मिळाले तर ते १५० ला जातं, नऊ मिळाले तर ५० ला. ईबेसारख्या ठिकाणी विक्रीवर साधारण तेरा टक्के कापले जातात, म्हणजे हाती अनुक्रमे १३० आणि ४३ डॉलर येतात. शंभरपैकी चाळीस कार्डांना दहा गुण मिळतात असं धरलं, तर सरासरी प्राप्ती ७८ डॉलर, म्हणजे नफा सहा. हेच प्रमाण तीसवर आलं तर प्राप्ती ६९, आणि दर कार्डामागे तीन डॉलर तोटा. शिवाय परीक्षणाला कधी कधी महिने लागतात. तेवढ्यात खेळाडूचा गुडघा दुखावला तर हिशेब पहिल्यापासून मांडायचा. परीक्षण-कंपनी आणि विक्रीचं संकेतस्थळ यांना मात्र दोन्ही वेळा पैसे मिळतात. जुगाराच्या अड्ड्यावर नाल घेणारा कधी हरत नाही, तसंच हे.

म्हणून मुरलेले व्यापारी दैवावर विसंबत नाहीत. ते कार्डं भिंगाखाली पाहून स्वतःच आधी गुण देतात आणि खात्रीचीच पाठवतात. मागच्या काही विक्रींची सरासरी हाच चालू भाव मानतात आणि प्रदर्शनांत, विशेषतः १९८० पासून दरवर्षी भरणाऱ्या राष्ट्रीय संग्राहक मेळाव्यात, त्याच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांत रोखीने माल उचलतात. हंगाम संपल्यावर घेतात, सुरू होताना विकतात. आपल्याकडे कांद्याचा व्यापारी चाळीत माल धरतो आणि आवक घटली की सोडतो, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, कांदा शेवटी कोणाच्या तरी पोटात जातो. कार्डाचा शेवट असा नसतो; त्याला नेहमी पुढचा गिऱ्हाईक लागतो.

पारख्याची पारख

या विश्वासाच्या पेटीलाच तडा गेल्याची गोष्ट वॅग्नरच्या सर्वांत देखण्या कार्डाची आहे. ती प्रत बिल मास्ट्रो या व्यापाऱ्याने १९८५ मध्ये २५ हजार डॉलरना घेतली आणि दोन वर्षांत १ लाख १० हजारांना विकली. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीचा महान खेळाडू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ती ४ लाख ५१ हजारांना घेतली. नव्या पीएसएने परीक्षण केलेलं हे पहिलंच कार्ड; गुण मिळाले आठ. ऐंशी वर्षांच्या सिगारेट-कार्डाला आठ गुण ही अद्भुत गोष्ट होती. २००० मध्ये ते साडेबारा लाखांवर आणि २००७ मध्ये २८ लाख डॉलरना गेलं.

कडा इतक्या सरळ कशा, अशी कुजबुज पहिल्यापासून होती. पुढे मास्ट्रो आपल्या लिलाव-कंपनीत खोट्या बोली लावून भाव चढवत असल्याच्या आरोपात अडकला. २०१३ मध्ये गुन्हा कबूल करताना त्याने हेही मान्य केलं की वॅग्नरच्या त्या कार्डाच्या कडा त्याने स्वतः कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. नियमाने कापलेल्या कार्डाला गुणच मिळत नाहीत. म्हणजे ज्या कार्डावर परीक्षणाच्या संपूर्ण व्यवस्थेची पत उभी राहिली, तेच पहिलं कार्ड अपात्र होतं.

तरीही बाजार कोसळला नाही. उलट परीक्षण-कंपन्यांकडची रांग वाढतच गेली. नीट विचार केला तर यात नवल नाही. अनोळखी माणसं एकमेकांना हजारो मैलांवरून माल विकतात तेव्हा त्यांना मधे कोणीतरी तिसरा लागतोच. तो चुकू शकतो हे माहीत असूनही त्याच्यावाचून व्यवहार होत नाही.

साथीच्या काळातली लाट

२०२० मध्ये लोक घरात अडकले. माळ्यावरची खोकी खाली आली, सरकारी मदतीचे धनादेश हातात होते, आणि मायकेल जॉर्डनवरची 'द लास्ट डान्स' ही मालिका घराघरांत पाहिली जात होती. फ्लिअरच्या १९८६ च्या संचातलं जॉर्डनचं कार्ड हे तर या बाजाराचं चलनी नाणंच. त्याच्या दहा गुणांच्या दोन प्रती जानेवारी २०२१ मध्ये प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरना गेल्या. गंमत म्हणजे दहा गुणांच्या अशा तीनशेहून अधिक प्रती अस्तित्वात आहेत. भाव पाहून त्या बाहेर येऊ लागल्या आणि दीड-दोन वर्षांत हाच भाव दोन लाखांच्या आसपास उतरला. वर घेणाऱ्याचे पाच लाख गेले.

त्या लाटेत पीएसएकडे इतका ढीग साचला की मार्च २०२१ मध्ये बहुतेक सेवा थांबवाव्या लागल्या. मे महिन्यात विस्कॉन्सिनमध्ये टार्गेटच्या दुकानाबाहेर कार्डांवरून हाणामारी होऊन पिस्तूल बाहेर निघालं आणि टार्गेटने दुकानांतली कार्डविक्री काही काळ बंद केली. ऑगस्टमध्ये बेसबॉल संघटनेने आणि खेळाडूंच्या संघटनेने सत्तर वर्षांच्या टॉप्सला सोडून पुढचे हक्क फॅनॅटिक्स या कंपनीला द्यायचं ठरवलं. काही महिन्यांत, जानेवारी २०२२ मध्ये, फॅनॅटिक्सने सुमारे ५० कोटी डॉलरना टॉप्सच विकत घेतली.

लाट ओसरली, तरी विक्रम थांबले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये जॉर्डन आणि कोबी ब्रायंट या दोघांच्या सह्या आणि जर्सीवरची चिन्हं असलेलं एकमेव कार्ड १ कोटी २९ लाख डॉलरना गेलं आणि मँटल मागे पडला. मँटलचं कार्ड दुर्मिळ झालं ते अपघाताने. हे मात्र कंपनीने ठरवून एकच काढलं होतं. दुर्मिळता आता कारखान्यात तयार होते. एकाच चित्राच्या सोनेरी कडेच्या पन्नास प्रती, लाल कडेच्या पाच, आणि एकच एक अशी एक. त्या एकीच्या आशेवर हजारो पाकिटं खपतात.

या आशेला दुसरं नाव सोडत, लॉटरी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस काही पालकांनी कार्ड-कंपन्यांवर दावे लावले की, हा मुलांकडून खेळवलेला बेकायदा जुगार आहे. २००२ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की, गिऱ्हाइकाने पाकीट विकत घेतलं आणि त्याला पाकीट मिळालं. मनासारखं कार्ड निघालं नाही ही निराशा आहे, कायद्याने मोजता येईल असं नुकसान नव्हे. आज कॅमेऱ्यासमोर खोकी फोडण्याचा धंदा जोरात आहे. व्यापारी खोकं विकत नाही, संघांची नावं विकतो. पैसे भरलेल्या प्रत्येकाला त्याच्या संघाची निघतील ती कार्डं, न निघाल्यास काहीच नाही. २००२ च्या निकालात निदान पाकीट तरी हातात पडत होतं.

अर्थात सोडत लागतेही. डिसेंबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला नाताळच्या भेटीतल्या पाकिटात पॉल स्कीन्स या गोलंदाजाचं एकमेव कार्ड सापडलं. पदार्पणाच्या सामन्यातल्या जर्सीचा बिल्ला त्यात बसवलेला होता. पिट्सबर्गच्या क्लबने बदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटं देऊ केली. कुटुंबाने ते कार्ड लिलावात ११ लाख १० हजार डॉलरना विकलं. ही बातमी जगभर गेली. ज्यांच्या पाकिटांत काही निघालं नाही त्यांची बातमी होत नाही, आणि बाजाराला तेच सोयीचं असतं.

आपल्याकडे

इंग्लंडच्या सिगारेट-कार्डांवर रणजीचं चित्र शंभर वर्षांपूर्वीच आलं होतं. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात 'बिग फन' बबलगमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळत. त्यांवरच्या धावा आणि बळी साठवून बक्षीस घ्यायचं. ट्रम्प कार्डांचे डाव तर प्रत्येक चाळीत रंगले. तरी त्यांचा पुनर्विक्रीचा मोठा बाजार उभा राहिला नाही. कारण उघड आहे : सूची नव्हती, भावपत्रक नव्हतं, पारखी नव्हता. चित्रं नुसती खेळली गेली आणि झिजून संपली. बर्डिक आणि बेकेट झाल्याशिवाय हौसेची मालमत्ता होत नाही.

जुना प्रश्न मात्र नव्या रूपात इथे आला. रारिओ ही कंपनी क्रिकेटपटूंशी करार करून त्यांची डिजिटल कार्डं विकत होती. २०२२ मध्ये तिला बारा कोटी डॉलरचं भांडवल मिळालं. स्ट्रायकर नावाच्या दुसऱ्या ॲपने करार न करता खेळाडूंची रेखाचित्रं आणि नावं वापरून तशीच कार्डं आणली. रारिओ आणि मोहम्मद सिराज, अर्शदीप सिंग यांच्यासह काही खेळाडू दिल्ली उच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायमूर्ती अमित बन्सल यांनी मनाई हुकूम नाकारला. प्रसिद्ध व्यक्तीचा हक्क निरपवाद नाही. सर्वांना उपलब्ध असलेली नावं, कामगिरीचे आकडे आणि रेखाचित्रं वापरणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, असा त्यांचा रोख होता. १९०९ मध्ये वॅग्नरने नकार दिला, १९५३ मध्ये फ्रँक यांनी त्या नकाराला हक्काचं नाव दिलं, २०२३ मध्ये दिल्लीत त्या हक्काला मर्यादा आखली गेली. कार्ड पुठ्ठ्याचं असो वा पडद्यावरचं, चेहरा कोणाचा हा वाद संपलेला नाही.

नफ्यासाठी या व्यापारात पडू पाहणाऱ्याला या इतिहासातून एवढंच सांगता येईल : मँटलचे दोनशे बावन्न पट हा अपवाद आहे, माळ्यावरची खोकी हा नियम. खात्रीचं उत्पन्न गुण देणाऱ्याचं, जागा भाड्याने देणाऱ्याचं आणि पाकीट छापणाऱ्याचं. बाकीच्यांनी आपण हौस विकत घेतोय की सोडतीचं तिकीट, हे आधी स्वतःला विचारावं. हौस असेल तर भाव पडला तरी कार्ड हातात राहतं आणि पाहायला आनंद देतं. तिकीट असेल, तर निकालानंतर तो पुन्हा पुठ्ठाच.